गुडघा किती अंश वाकतो?



कंपासपेटीतलं कोनमापक तुम्ही कशाला वापरता? पाचवी-सहावीच्या मुलांचं उत्तर मला माहीत आहे. कोन मोजायला, कोन काढायला, आणि गणिताचा तास कंटाळवाणा झाला तर वहीच्या मागच्या पानावर अर्धा चंद्र काढायला! आज मी तुम्हाला त्याचा आणखी एक उपयोग सांगणार आहे. मला स्वतःला तो वयाच्या चौतिसाव्या वर्षी कळला, आणि तोसुद्धा इस्पितळात.

आपल्या गुडघ्यालाही कोन असतो, बरं का! पाय सरळ ताठ ठेवला की शून्य अंश. खुर्चीवर नीट बसलात की साधारण ९० अंश. सपाट रस्त्यावर नुसतं चालायचं म्हटलं तरी गुडघा साठएक अंश वाकावा लागतो. जिना चढायला ९० च्या आसपास. आणि उकिडवं बसून गोट्या खेळायच्या असतील तर १२० च्याही पुढं जावं लागतं. दिवसभरात तुम्ही हे सगळे कोन कितीतरी वेळा करता, पण मोजता का कधी? मीही मोजत नव्हते.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका लहानशा गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. चौथीपर्यंतची शाळा, पट सत्तरच्या आसपास आणि आम्ही तीन शिक्षक. माझ्याकडे पहिलीचा वर्ग. २०२२ च्या जुलै महिन्यात शाळा सुटल्यावर घरी येत होते. पाऊस भुरभुरत होता. मागून आलेल्या एका टेंपोनं माझ्या गाडीला धडक दिली. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं, पण उजव्या मांडीचं हाड मोडलं. मांडीचं हाड म्हणजे आपल्या शरीरातलं सर्वांत लांब हाड. ते मोडलं की पाय आपला राहत नाही, नुसता जड ओंडका होतो.

त्या वेळी शेतातून धावत आलेल्या माणसांनी एक फार शहाणपणाची गोष्ट केली. मला हातापायाला धरून उचललं नाही आणि कुठल्यातरी जीपमध्ये कोंबलं नाही. त्यांनी १०८ ला फोन केला आणि रुग्णवाहिका येईपर्यंत पाय जरासुद्धा हलू दिला नाही. तुम्हीही हे लक्षात ठेवा.

शस्त्रक्रिया झाली. हाडाच्या आतल्या पोकळीत डॉक्टरांनी एक लांब सळई घातली आणि वर-खाली स्क्रू बसवले. वर्गातल्या मुलांना नंतर हे कळलं तेव्हा त्यांना केवढा आनंद झाला! "बाई, स्लॅबमध्ये घालतात तशी सळई?" हो रे बाबांनो, जवळजवळ तशीच.

पण गंमत पाहा. सळई हाडाला नुसता आधार देते. हाड जुळवते ते आपलं शरीरच. मोडलेल्या जागी आधी रक्त साकळतं. दोन-तीन आठवड्यांत तिथं कूर्चेसारखा मऊ जोड तयार होतो. मग त्यात हळूहळू चुन्याचा अंश, म्हणजे कॅल्शियम, भरत जातं आणि तो टणक होतो. झाडाच्या मोडलेल्या फांदीवर जशी गाठ येते ना, तसा फुगवटा येतो. पुढं कित्येक महिने शरीर तो फुगवटा तासून तासून हाडाला पुन्हा आकार देत राहतं. एवढं मोठं हाड पक्कं जुळायला चार ते सहा महिने तरी लागतात. या कामात आपण फार काही करायचं नसतं. नीट जेवायचं, झोपायचं आणि डॉक्टर सांगतील तेवढाच भार पायावर द्यायचा.

मला वाटलं, बरं झालं! हाड जुळेल आणि मी उठून शाळेत जाईन. पण तसं नसतं.

दुसऱ्याच दिवशी फिजिओथेरपिस्टताई आल्या. त्यांच्या हातात तुमच्या कोनमापकासारखंच, पण दोन लांब हात असलेलं एक मोठं कोनमापक होतं. एक हात त्यांनी मांडीच्या रेषेत धरला, दुसरा पोटरीच्या रेषेत. म्हणाल्या, "वाकवा." मी सगळा जोर लावला. ताईंनी आकडा वाचला : ३५. आयुष्यभर कधी परीक्षेत मिळाले नव्हते एवढे कमी गुण!

सहा आठवड्यांनी त्यांनी शिंप्याच्या टेपनं दोन्ही मांड्या मोजल्या. उजवी मांडी डावीपेक्षा ४ सेंटिमीटरनं बारीक झाली होती. स्नायूंचं असंच असतं. ते वापरले नाहीत तर काही आठवड्यांतच रोडावतात. सांधा हलवला नाही तर बिजागरीसारखा गंजतो. हाड आपोआप जुळतं, पण स्नायू आणि सांधे आपोआप परत येत नाहीत. त्यांना शिकवून शिकवून परत आणावं लागतं.

आता शिकवणं हा तर माझाच धंदा! डी.एड.ला असताना आम्हाला एक सूत्र घोकून घेतलं होतं : सोप्याकडून अवघडाकडे. ताईंनी तेच सूत्र माझ्या पायाला लावलं. आधी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती नुसती दाबायची. मग अंथरुणावरून टाच मागे ओढायची. मग वॉकर धरून उभं राहायचं. मग वॉकरनं चालायचं, मग कुबड्या, मग काठी. प्रत्येक व्यायाम दहा वेळा, दिवसातून तीनदा. माझी मुलगी तेव्हा तिसरीत होती. ती शेजारी बसून मोजायची. मी कळवळले की ती सहावरून एकदम नऊवर उडी मारायची! हे ताईंच्या कानावर गेलं. त्या म्हणाल्या, "मोजणारी बदला." मग मोजायचं काम सासूबाईंकडे आलं, आणि त्या एकही आकडा गाळत नव्हत्या.

या सगळ्याला 'पुनर्वसन' म्हणतात. हा शब्द आमच्या सातारा जिल्ह्यात लहान मुलांनाही माहीत असतो, पण वेगळ्या अर्थानं. कोयना धरणात गावं बुडाली आणि माणसांना दुसरीकडे जाऊन पुन्हा चूल मांडावी लागली, ते पुनर्वसन. पडल्या पडल्या मी विचार करत असे, की या दोन गोष्टींना एकच शब्द का? मग लक्षात आलं. दोन्हीकडे जुनं घर जसंच्या तसं परत मिळत नाही. माणूस तोच असतो, पण त्याला नव्या जागेत पुन्हा राहायला शिकावं लागतं.

जखमी माणसाला पुन्हा कामाला लावायचं, हा विचार तसा फार जुना नाही. दुसऱ्या महायुद्धात पाठीच्या कण्याला इजा झालेले सैनिक अंथरुणालाच खिळून राहत. यांच्यात आता काही करण्यासारखं नाही, असंच बहुतेकांना वाटे. लुडविग गुटमान नावाचे एक डॉक्टर नाझींच्या छळामुळे जर्मनी सोडून इंग्लंडला आले होते. १९४४ मध्ये त्यांच्याकडे स्टोक मँडविल इथल्या इस्पितळातला अशा रुग्णांचा विभाग आला. त्यांनी रुग्णांना उठवून बसवलं, काम दिलं आणि खेळायला लावलं. २९ जुलै १९४८ रोजी लंडनमध्ये ऑलिंपिकचं उद्घाटन होत होतं. त्याच दिवशी गुटमान यांच्या इस्पितळाच्या हिरवळीवर चाकाच्या खुर्चीतल्या १६ जणांनी तिरंदाजीची स्पर्धा केली. त्यातूनच पुढं पॅरालिंपिक जन्मलं.

आणि त्या पॅरालिंपिकमध्ये भारताला पहिलं सुवर्णपदक कुणी मिळवून दिलं, ठाऊक आहे? आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकर यांनी! ते लष्करात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि ते कायमचे अपंग झाले. पण ते पाण्यात उतरले. १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी सुवर्णपदक जिंकलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मला काही पदक मिळवायचं नव्हतं. मला पहिलीच्या वर्गात परत जायचं होतं. आणि तिथंच तर घोडं पेंड खात होतं.

पहिलीच्या बाई दिवसभर काय करतात, पाहिलंय तुम्ही? त्या जमिनीवर असतात! सतरंजीवर मांडी घालून बसतात, पोराचा हात हातात धरून 'अ' गिरवतात, उकिडवं बसून कुणाच्या शर्टाची गुंडी लावतात, कुणाचं नाक पुसतात, गाणं म्हणत उड्या मारतात. हे सगळं १२० अंशांच्या पलीकडचं काम. आणि माझा गुडघा तीन आठवडे ७० वर अडून बसला होता. इकडे शाळेत माझा वर्ग दुसरीला जोडला होता आणि मुख्याध्यापक एकटेच दोन वर्ग सांभाळत होते. मला रात्री झोप येईना.

सासूबाईंनी एकदा दबक्या आवाजात विचारलं, "काय गं, नोकरीला काही धोका नाही ना?" तेव्हा आम्ही चौकशी केली. पालकांनाही हे माहीत असलेलं बरं. नोकरीत असताना सरकारी कर्मचाऱ्याला अपंगत्व आलं, तर तेवढ्या कारणानं त्याला काढून टाकता येत नाही किंवा खालच्या पदावर ढकलता येत नाही. जमत नसेल तर त्याच पगाराचं दुसरं काम द्यावं लागतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. सासूबाईंना हायसं वाटलं. मला मात्र दुसरं काम नको होतं. मला माझंच काम हवं होतं.

डिसेंबरात एक्स-रे काढला. हाड जुळलं होतं. गुडघा १०० अंशांवर आला होता. काठीच्या आधारानं शाळेत जायला डॉक्टरांनी हरकत घेतली नाही. घरचे सगळे म्हणाले, "एवढी घाई कशाला? पूर्ण बरी हो, मग जा." मलाही ते पटत होतं. खोटं कशाला सांगू? मला भीती वाटत होती. मुलांसमोर धडपडले तर? वर्ग आवरला नाही तर?

मग ताईंनी मला गृहपाठ दिला. "शाळेत पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत तुम्ही काय काय करता, ते सगळं लिहून आणा." मी लिहिलं. ३१ कामं निघाली! ताईंनी कागदावर तीन रकाने आखले : 'आता जमतं', 'वेगळ्या रीतीनं जमेल' आणि 'अजून नाही'. मी एकेक काम रकान्यात टाकत गेले. पहिल्या रकान्यात १७, दुसऱ्यात १०, तिसऱ्यात फक्त ४. मी तो कागद पुन्हा पुन्हा पाहत राहिले. सहा महिने मला वाटत होतं की आपल्याला काहीच येत नाही, आणि प्रत्यक्षात फक्त चार गोष्टी येत नव्हत्या.

ताई म्हणाल्या, "१२० अंश झाल्यावरच शाळेत जाईन म्हणालात, तर कदाचित दोन्ही लांबेल. शाळेतलं काम हाच आता तुमचा व्यायाम."

मग घरात शाळेची रंगीत तालीम सुरू झाली. एक तास पस्तीस मिनिटांचा, म्हणून ओट्याशी पस्तीस मिनिटं उभं राहून पोळ्या लाटायच्या. परसातल्या दारावर खडूनं बाराखडी लिहायची, वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत. एस.टी.ची पहिली पायरी किती उंच असते, तुम्हाला माहीतच आहे. तेवढ्या उंचीच्या पायरीवर चढ-उतार करायची. त्याचा नियम सोपा आहे : चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. तुमचा पाय कधी दुखावला तर हा नियम उपयोगी पडेल.

२०२३ च्या फेब्रुवारीत तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र जोडून मी हजर रिपोर्ट दिला. यजमानांनी मला गाडीवरून सोडलं. अपघाताच्या जागेवरून जाताना मागून हॉर्न वाजला आणि माझ्या हातांना घाम फुटला. अजूनही कधीकधी फुटतो. हाडासारखी भीतीही आपल्या वेळेनंच जुळून येते.

शाळेच्या दाराशी पायऱ्या आहेत आणि बाजूला कठडा असलेला सिमेंटचा उतार आहे. चाकाच्या खुर्चीतल्या मुलांसाठी असे उतार बऱ्याच शाळांत बांधले आहेत. आमच्याकडे तशी खुर्ची वापरणारं मूल कधी आलं नव्हतं. त्यामुळे मुलांनी त्याची घसरगुंडी करून टाकली होती. त्या दिवशी कठडा धरून त्या उतारावरून मी वर गेले. मुलं दोन्ही बाजूंना चिडीचूप उभी!

पण ती शांतता तेवढ्यापुरतीच. वर्गात गेल्यावर एकानं पिशवी घेतली, एकीनं काठी पळवली, एकानं खडू आणला, दोघांनी डस्टरसाठी मारामारी केली. मी खुर्चीतून उठायला लागले की वीस जणं ओरडायची, "बाई, तुम्ही बसा!" एवढी माया, की मला जागची हलूच देईनात. आणि मला तर दर अर्ध्या तासानं उठून चालायला सांगितलेलं! खिचडीच्या सुट्टीपर्यंत मांडी लाकडासारखी कडक झाली.

दुसऱ्या दिवशी मी वर्गाला नियम घालून दिला. "आधी विचारायचं, मदत करू का? बाई हो म्हणाल्या तर करायची. नको म्हणाल्या तर गप्प बसून बघायचं." झालं! मग दिवसभर तेच. "बाई, मदत करू का?" "नको." "बाई, आता करू का?" पण आठवड्याभरात मुलांना ते छान जमलं. मी फळ्याकडे निघाले की ती नुसती वाट मोकळी करायची. तेवढीच मदत मला हवी होती.

आता दुसऱ्या रकान्यातल्या दहा कामांचं काय झालं? मला सतरंजीवर बसता येईना, तर मुलांनाच वर आणलं. गावातल्या सुतारानं एक मजबूत चौरंग करून दिला. टेबलाशी चौरंग ठेवायचा आणि त्यावर मूल उभं करायचं. मग मी खुर्चीत बसून त्याचा हात धरून अक्षर गिरवून घेऊ शकत होते. चौरंगावर चढणं हा एवढा मोठा मान झाला, की मागे लपून बसणारी पोरंही "आज माझी पाळी" म्हणून भांडायला लागली! मैदानावरची कामं मुख्याध्यापकांनी घेतली, त्या बदल्यात पोषण आहाराची नोंदवही माझ्याकडे आली. हा उपकार नव्हता, अदलाबदल होती. म्हणून मला ते घेताना जड गेलं नाही.

एक गोष्ट सांगायला संकोच वाटतो, तरी सांगते. शाळेतलं स्वच्छतागृह उकिडवं बसायचं. ते जमणार नाही, म्हणून आधीच सांगून मी तिथं कमोडची खुर्ची ठेवून घेतली होती. लाजेपोटी दिवसभर पाणी न पिणारी माणसं असतात, त्यानं आजार वाढतात. तुमच्या वर्गात, घरात असं कुणी असेल तर त्याची ही सोय न मागताच करून ठेवा.

तिसऱ्या रकान्यातली चार कामं? सतरंजीवर बसणं आणि गाण्याबरोबर उड्या मारणं, ही दोन २०२३ च्या दिवाळीपर्यंत मागे हटली. उकिडवं बसणं आणि लंगडी मात्र अजून तिथंच आहेत. माझा गुडघा ११८ अंशांवर थांबलाय. तो पुढं जाईल की नाही, यावर आता मी झोप घालवत नाही. लंगडीत मी पंच असते, आणि आमच्याकडे पंचाचा निर्णय अंतिम असतो!

मित्रांनो, तुमच्याही वर्गात कधी कुणी प्लॅस्टर घालून, कुबड्या घेऊन परत येईल. त्याला अपघाताची गोष्ट दहा वेळा सांगायला लावू नका. त्याची जागा दाराजवळ ठेवा. बुडालेला अभ्यास आणून द्या, पण लिहू त्याला स्वतःला द्या. खेळायच्या तासाला त्याला वर्गात एकटं सोडू नका. गुण मोजायला घ्या, पंच करा. आणि काहीही करण्याआधी विचारा, "मदत करू का?"

पालकांनाही एक विनंती. घरातलं माणूस मोठ्या दुखण्यातून उठत असेल तर 'सगळं बरं होऊ दे, मग बघू' असं म्हणून त्याला थांबवून ठेवू नका. डॉक्टरांना विचारा, आणि मग एका कागदावर तीन रकाने आखा. पहिल्या रकान्यात काहीतरी नक्की निघेल. सुरुवात तिथूनच होते.

आणि हो, शाळेच्या उतारावर घसरगुंडी खुशाल खेळा. फक्त कुणी काठी टेकत येताना दिसलं, तर तेवढी वाट मोकळी करा.